नखाएवढी साल

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ होती. ऑफिसातून घरी येऊन, पर्स खुर्चीवर टाकून, चहाचे आधण ठेवताना सवयीने खिडकीकडे नजर गेली, तर ग्रीलमधली डावीकडची जागा मोकळी दिसली. तिथली मातीची कुंडी घासून, धुऊन पालथी घातलेली होती. तिच्या कडेवर बसलेला क्षारांचा पांढरा थरसुद्धा निघून गेला होता. भांडी विसळता विसळता मावशी म्हणाल्या, “ताई, त्यातलं झाड वाळून गेलं होतं हो. नुसत्या काड्या राहिल्या होत्या. टाकून दिलं. कुंडी चांगलीय, आता तुळस लावा.” मावशी आमच्याकडे बारा वर्षे येत आहेत आणि आमच्या ग्रीलमध्ये जे काही हिरवे टिकून आहे ते बहुतांशी त्यांच्यामुळेच. तांदूळ धुतलेले पाणी कुठल्या कुंडीत घालायचे आणि कढीलिंबाचा शेंडा कधी खुडायचा, हे त्यांनीच मला शिकवले. त्यांनी वाळके झाड काढून कुंडी धुऊन ठेवली, यात रागावण्यासारखे काहीही नव्हते. मी “बरं केलंत” म्हटले आणि आल्याचा तुकडा किसायला घेतला.

ते “बरं केलंत” मात्र पुढे कित्येक दिवस सलत राहिले.

कारण कुंडीतले झाड जपानी मेपलचे होते, आणि जपानी मेपल जानेवारीत निष्पर्णच असायला हवे. त्याच्या मूळच्या मुलखात, जपानात किंवा कोरियात, या दिवसांत त्याच्या अंगावर पाने दिसली तर माणसे काळजीत पडतील. पाने गाळून, रस खाली ओढून, कळ्यांवर घट्ट खवले पांघरून ते झोपी जाते आणि वसंताची ऊब लागल्यावर जागे होते. झोपलेले आणि मेलेले झाड वरून सारखेच दिसते. फरक ओळखायची युक्ती अगदी सोपी आहे: डहाळीवरची साल नखाने हलकेच खरवडायची. आतून हिरवा, ओलसर थर निघाला तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडा भुगा निघाला तर ती डहाळी गेली. मग आणखी खाली, खोडाशी खरवडून पाहायचे. ही युक्ती मला ठाऊक होती. नाताळच्या सुट्टीत करू असे म्हणत तो आठवडा गेला, पुढे संक्रांतीच्या तिळगुळात तेही मागे पडले. खरे सांगायचे तर वेळ नव्हता असे नाही. पाहायला अर्धा मिनिट पुरला असता, पण तपकिरी निघाले असते तर मग रोज सकाळी त्या कुंडीकडे कुठल्या डोळ्यांनी पाहायचे, हे मला ठरवता येत नव्हते.

या झाडाचा नाद मला सात वर्षांपूर्वी लागला. धाकटी बहीण अमेरिकेत, ऑरेगनमधल्या पोर्टलंडला राहते. ऑक्टोबरच्या शेवटी तिच्याकडे गेले असताना ती मला तिथल्या जपानी बागेत घेऊन गेली. ताकुमा तोनो या जपानी उद्यानरचनाकाराने आखलेली ही बाग १९६७ साली लोकांना खुली झाली. तिथे तळ्याजवळच्या उतारावर एक झाड आहे, ज्याच्यासमोर छायाचित्रकार चक्क रांग लावतात. उंची बेताचीच. लांबून पाहिले तर लालकेशरी रंगाची छत्री जमिनीवर टेकवून ठेवल्यासारखे वाटते, म्हणून मी तसे पाहून पुढे निघाले होते. बहिणीने हात धरून थांबवले आणि म्हणाली, “ताई, इथं खाली बस. हे झाड बसून बघायचं असतं.” ओल्या फरसबंदीवर उकिडवी बसले आणि मान वाकवून आत पाहिले, तेव्हा कळले की खरे झाड आत आहे. शेवाळलेल्या, काळपट फांद्या पिळवटलेल्या नागांसारख्या एकमेकींना वळसे घालत वर गेल्या होत्या, आणि त्यांच्या वरच्या कवचातून, कातरकाम केलेल्या त्या पानांतून, प्रकाश असा गाळून येत होता की माझ्या मागच्या माणसाच्या पांढऱ्या दाढीवरही केशरी छटा पडली होती. हवा थंड होती, बोटे आखडली होती, आणि ओल्या पालापाचोळ्याचा वास मात्र थेट आमच्या आजोळच्या आगरातला, पावसानंतरच्या पातेऱ्याचा होता. एवढ्या परक्या ठिकाणी तो ओळखीचा वास आल्यामुळेच बहुधा मला त्या झाडाबद्दल उगाचच हक्क वाटू लागला.

बहिणीच्या अंगणातही मेपल होते. पहिले तिने मारले होते, हे ती स्वतःच सांगते. आपल्याकडे आंब्याचे कलम लावतो तसे खोल खड्डा करून, बुंध्याभोवती माती दाबून तिने ते लावले आणि दोन वर्षांत ते गुदमरून गेले. या झाडाची मुळे बारीक, दाट आणि उथळ असतात. खोड जिथे मुळांकडे रुंद होत जाते तो भाग मातीच्या वर उघडा राहावा लागतो. मुळांवर लाकडाच्या चुऱ्याचे पांघरूण हवे, पण ते बुंध्याला टेकता कामा नये. ओल हवी, पाणी साचलेले चालत नाही. सकाळचे ऊन हवे, दुपारचे नको. मोठ्या झाडांच्या पायाशी, पूर्वेकडे तोंड करून, वाऱ्याच्या झोताआड त्याला जागा द्यायची. ही यादी ऐकताना मला आमच्या एका आत्याची आठवण झाली, जिला पंखा लागत नसे आणि उकाडाही सोसत नसे. पण जागा एकदा मनासारखी मिळाली की हे झाड अंगणाची चाल बदलून टाकते. बहिणीचे अंगण आपल्या दोन खोल्यांएवढे. तिथे वड-पिंपळासारखे काही लावायची सोय नाही. या झाडाच्या ठेंगण्या जाती आठ-दहा फुटांवर थबकतात, आणि त्यांच्यामुळे मागची साधी लाकडी कुंपणाची भिंतसुद्धा चित्राच्या पार्श्वभूमीसारखी दिसू लागते. एका कोपऱ्यात तिने प्रवाळी सालीचे मेपल लावले आहे. त्याचे सौंदर्य पाने गळल्यावरचे. हिवाळ्याच्या करड्या उजेडात त्याच्या कोवळ्या डहाळ्या पोवळ्यासारख्या लाल दिसतात. जपानी भाषेत पोवळ्याला ‘सांगो’ म्हणतात आणि या जातीचे नाव आहे ‘सांगो-काकू’. बहीण पाहुण्यांना तिची ओळख “या आमच्या सांगो काकू” अशी करून देते, आणि तिकडच्या मराठी मंडळींत ते झाड आता त्याच नावाने ओळखले जाते.

मेपलच्या पानाला जपानी माणसाने काय काय म्हटले आहे ते नंतर वाचत गेले. ‘काएदे’ हे त्याचे जुने नाव बेडकाच्या हातावरून आले आहे. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यातही तळहातच आहे: एसर पाल्मॅटम. शरद ऋतूत ही पाने पाहायला डोंगरात जाण्याला तिथे ‘मोमिजीगारी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मेपलची शिकार. ओसाकाजवळच्या मिनो या गावात तर ही पाने वर्षभर मिठात मुरवतात आणि पिठात बुडवून तळतात. हे वाचले तेव्हा मी मोठ्याने हसले, कारण ओव्याच्या पानांची भजी तळणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला त्यात नवल वाटावे असे काहीच नाही.

मुंबईत परतल्यावर जे केले ते शहाणपणाचे नव्हते. आधी ऑनलाइन बिया मागवल्या. पाकिटावर निळ्या, जांभळ्या आणि लाल मेपलची चित्रे होती. निळे मेपल या पृथ्वीवर नाही, हे मला तेव्हाही कळत होते. पण लाल खरे असेल, निळे तेवढे शोभेसाठी छापले असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मेपलच्या बीला एक पातळ पंख असतो. अशा दोन बिया जोडीने लागतात आणि गळताना भिरभिरत खाली येतात. पाकिटातून निघाले ते मोहरीएवढे गोल, काळे दाणे. ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून ते तीन महिने फ्रीजमध्ये ठेवले, कारण या बियांना उगवण्यापूर्वी थंडीचा मुक्काम घडवावा लागतो. शेवटी जे उगवले ते राजगिऱ्याच्या जातीचे काहीतरी होते. मावशींनी त्याची भाजी होईल का, असे विचारले. त्याच सुमारास ऑफिसातल्या एकाने श्रीनगरहून ‘मेपलचे पान’ म्हणून वहीत दाबलेले सुंदर, तांबूस पान आणून दिले. ते चिनाराचे होते. चिनाराची पाने डहाळीवर एकाआड एक येतात, मेपलची समोरासमोर जोडीने, हे मला तोवर पाठ झाले होते. पण एक सुटे पान हातात धरून ही चूक दाखवणे अशक्य होते, आणि दाखवायची गरजही नव्हती. ते पान अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

मग कालिम्पाँगच्या एका रोपवाटिकेतून खरे रोप आले. दोन फुटांचे, लाल पानांचे, आणि खोडावर मातीपासून चार बोटे वर कलमाची गाठ. लाल जात हिरव्या रोपाच्या मुळांवर चढवलेली असते. त्या गाठीच्या वरचे झाड वेगळे आणि खालचे वेगळे. मी त्याला स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या ग्रीलमध्ये ठेवले. लाल मातीत कोकोपीट आणि विटांचा चुरा मिसळला, दुपारी ऊन वळू लागले की आईची जुनी सुती साडी ग्रीलला बांधून सावली केली. पहिला पावसाळा त्याने दिमाखात काढला. बोरिवलीचा तो धो धो पाऊस, दारांना फुगवटा आणणारी ती दमट हवा, सगळे त्याला मानवले. पाच-सात बोटांची ती पाने पावसाच्या थेंबांनी खाली झुकायची आणि थेंब निसटला की उसळी मारून वर यायची. पोळ्या लाटताना मी तो खेळ पाहत बसायची. ऑगस्टमध्ये गाठीच्या खालून एक हिरवा, जोमदार फुटवा आला. बहीण फोनवर म्हणाली, “तो लगेच मोडून टाक, नाहीतर वरच्या कलमाचं सगळं तो खाऊन टाकेल.” पुस्तकातही तेच लिहिलेले आहे. मी तो अंगठ्याने मोडला. या हवेत जगण्याची धमक कदाचित त्या हिरव्या फुटव्यातच होती, असे आता मनात येते. पण मला लाल पाहिजे होते.

ऑक्टोबर आला. आपला ऑक्टोबर. पोर्टलंडला ज्या आठवड्यात लोक त्या झाडापुढे उकिडवे बसतात, त्याच आठवड्यात इथे पारा पस्तिशी ओलांडतो आणि सकाळी अकरालाच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. माझ्या मेपलची पाने कडेने करपू लागली. आधी बोटांची टोके तपकिरी झाली, मग करप आत सरकत गेली, आणि शेवटी हात लावला की पापडासारखा चुरा होऊ लागला. पानांचा रंग बदलायला काय लागते ते मी सगळे वाचले होते. हरितद्रव्य विरते तेव्हा मुळातच पानात असलेला पिवळा वर येतो. लाल मात्र नव्याने तयार व्हावा लागतो, आणि त्यासाठी लखलखीत दिवस आणि गारठलेल्या रात्री हव्यात. त्याहीपुढे, नीट झोप लागायला कित्येक आठवडे सात अंशांच्या आसपासचा गारवा हवा. मुंबईच्या जानेवारीतली सरासरी पहाट सोळा-सतरा अंशांची. १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ पर्यंत उतरला होता, तो आजवरचा नीचांक, आणि त्याचे किस्से माझे सासरे कानटोपी घालून सांगत असत. म्हणजे या शहराच्या आठवणीतली सर्वांत थंड रात्रदेखील माझ्या झाडाला जेमतेम पुरली असती.

तरीही मी तीन हिवाळे रेटले. डिसेंबरच्या रात्री झोपण्यापूर्वी कुंडीत बर्फाचे खडे टाकले. कुंडीसकट झाड फ्रीजमध्ये ठेवायचा विचारही बोलून दाखवला. उष्ण प्रदेशातले काही बोन्सायवाले तसे करतात. यजमानांनी फ्रीज उघडून, कोथिंबिरीच्या जुडीकडे बोट दाखवून, “हिला कुठं पाठवायचं?” एवढेच विचारले. पहिल्या दोन वर्षी मेपलने पाने टाकली, थोडे दिवस काड्यांवर राहिले आणि फेब्रुवारीतच गोंधळून, अवेळी, लहान लहान पाने काढली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला भरदुपारी झोपवावे आणि तासाभराने उठवावे, तसे त्याचे चालले होते. दर वर्षी पाने आदल्या वर्षीपेक्षा लहान होत गेली. मी खताचे प्रमाण बदलले, माती बदलली, कुंडी बदलली. जागा तेवढी बदलता येत नव्हती. तिसऱ्या वर्षी काड्याच राहिल्या, आणि त्या काड्यांपाशी मी पुढे काय केले, किंवा केले नाही, ते वर सांगितलेच आहे.

गंमत म्हणजे त्याच जानेवारीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी देशी बदाम पेटलेला असतो. ताटाएवढी पाने आधी पिवळी, मग तांब्याच्या रंगाची, मग अशी गडद लाल होतात की उन्हाच्या तिरिपेत त्यांच्यातून शिरा मोजाव्यात. सकाळी झाडणारा माणूस वैतागून ती ढिगाने गोळा करतो. त्या ढिगाजवळ रांग लागलेली मी कधी पाहिली नाही. मीही तिथे गाडी लावताना, पान काचेवर चिकटले म्हणून वायपर फिरवलेला आहे.

कुंडी रिकामी झाल्यानंतर महिन्याभराने, होळीच्या आधीच्या रविवारी, आम्ही दोघे राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्याने चालायला गेलो. जंगल बरेचसे उघडे पडले होते. सागाची पाने पायांखाली कुरकुरत होती. एका वळणावर यजमान थांबले आणि “हे बघ, तुझं आलं” म्हणाले. रस्त्याच्या वर, उतारावर, एक अख्खे झाड लाल होते. ऊन त्याच्या मागे होते आणि पानांचा रंग कुठे माणकासारखा, कुठे तांब्यासारखा, कुठे नुसताच पाण्यात कुंकू कालवल्यासारखा होता. ते कोशिंबाचे झाड होते, काहीजण त्याला कुसुंब म्हणतात. त्याची पाने मेपलसारखी मुळीच नाहीत. एका देठावर दोन ते चार जोड्या, लांबट, साध्या पर्णिका. पण घरी येऊन पुस्तक उघडले तेव्हा कळले की मेपलची आता ज्या कुळात गणना होते, त्याच कुळात कोशिंब आहे. लिचीही त्यातच, आणि रिठाही. म्हणजे लहानपणी दर रविवारी आई आम्हा बहिणींची डोकी धरून ज्या फेसाने डोळे झोंबवायची, तो मेपलच्या भावकीतलाच होता, आणि एवढ्या लांब जाऊन, ओल्या फरशीवर बसून, मी त्याच घराण्यातल्या एकाशी नव्याने ओळख करून घेत होते.

कोशिंबाचा लाल मरणाचा नाही. तो पाने गळताना येत नाही, फुटताना येतो. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरण्यापूर्वी तोच तांबडा रंग असतो, जो मेपलच्या पानात निरोपाच्या वेळी तयार होतो. पंधरा-वीस दिवसांत कोशिंब पोपटी होतो आणि मग इतर झाडांत हरवून जातो. त्याला थंडी लागत नाही. मी उताराशी गेले, एक खालची फांदी वाकवली. पाने ओली आणि मऊ होती, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानाच्या पाळीसारखी, आणि त्यांवर मुंग्यांची लगबग होती. मला आनंद झाला, हे खरे. पण कुंडीतल्या झाडाची भरपाई झाली असे वाटले नाही, आणि तसे वाटावे म्हणून यजमान ज्या आशेने माझ्याकडे पाहत होते, त्याचा थोडा रागही आला.

मार्चच्या शेवटी पाण्याच्या टाकीचा पंप बंद पडला म्हणून इमारतीच्या मागच्या बाजूला गेले. तिथे भिंतीलगत आमच्या वॉचमनकाकांनी वाफा केला आहे. ते सावंतवाडीकडचे, मोकळी जमीन पाहिली की त्यांचा हात शिवशिवतो. मिरच्या होत्या, अळू होते, आणि कारल्याच्या वेलांना आधार म्हणून तुटक्या काठ्या, पडद्याचा दांडा, मोडकी छत्री असे काय काय रोवलेले होते. त्यांतली एक काठी दोन फुटांची, वर फांद्या असलेली, आणि खालून चार बोटांवर एक गाठ. कलमाची गाठ मी कुठेही ओळखली असती. मी खाली बसले आणि गाठीच्या जरा वर नखाने साल खरवडली. सुपारीच्या चुऱ्यासारखा कोरडा, तपकिरी भुगा नखात आला. गाठीच्या खाली खरवडले, तिथेही तोच. पण मुळे तुटून, उन्हात दोन महिने उभ्या असलेल्या कुठल्याही काठीची साल अशीच निघाली असती. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी काय निघाले असते, याचे उत्तर त्या भुग्यात नव्हते.

“मॅडम, ती काठी काढू नका हां,” मागून वॉचमनकाका म्हणाले, “वेल आत्ताच धरलाय तिनं.” वेलाचा हिरवा तंतू खरोखरच गाठीला दोन वेढे घालून वर गेला होता, आणि मेपलच्या सर्वांत वरच्या काडीला कारल्याचे एक पान टेकले होते. कारल्याचे पान मी इतक्या जवळून पूर्वी कधी पाहिले नव्हते. पाच बोटे, त्यांतली मधली लांब, कडा कातरलेल्या. कारली लागली की चार तुम्हालाही देतो, असे ते म्हणाले. आमच्या घरी कारले कोणी खात नाही. मी “द्या हं नक्की” म्हटले आणि पंप पाहायला गेले.